घर तापविणारा पंप आवाज का करतो?

“खोल्या व्यवस्थित तापतात, नळ कोठे गळत नाहीत, मग रात्री निजानीज झाली म्हणजे भिंतीआडून ही घरघर कसली येते, आणि पंप बदलावा लागेल काय?” हा प्रश्न इंग्लंडात घर घेऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांत थंडीच्या तोंडावर हटकून निघतो. ज्यांच्या बालपणी घरात पाणी तापविण्याचे साधन म्हणजे न्हाणीघरातला बंब एवढेच होते, आणि घर तापविण्याची गरज ज्यांना कधी भासलीच नव्हती, त्यांना हा प्रश्न पडावा यात नवल नाही. नवल आहे ते त्याच्या उत्तराचे. कारण पुष्कळदा उत्तर न शोधताच पंप बदलला जातो, दोन-तीनशे पौंडांचा खर्च होतो, आणि महिना-पंधरवड्याने तोच आवाज नव्या पंपातून पुन्हा ऐकू येऊ लागतो.

माझे मत असे आहे, की या यंत्राचा आवाज बहुतेक वेळा पाण्याच्या अवस्थेतून उत्पन्न होतो. पाण्यात हवा शिरलेली असते, दाब उतरलेला असतो, वेग वाजवीपेक्षा वाढलेला असतो किंवा गाळ साठलेला असतो. पंप स्वतः झिजून निकामी होणे हे कारण अखेरचे समजावे. हे मत वाचकाने माझ्या शब्दाखातर मान्य करावे अशी अपेक्षा नाही. आधी ती व्यवस्था समजून घ्यावी आणि मग आपल्याच घरी पडताळा पाहावा.

१. भिंतीआडची व्यवस्था

ब्रिटनमधील बहुसंख्य घरांत थंडीच्या निवारणाची जी योजना असते तिचे स्वरूप असे, की गॅसवर चालणाऱ्या बॉयलरमध्ये पाणी ६० ते ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापविले जाते, ते तांब्याच्या किंवा अलीकडे प्लॅस्टिकच्या नळांतून प्रत्येक खोलीतल्या रेडिएटरकडे, म्हणजे भिंतीला लावलेल्या पोकळ पोलादी तावदानाकडे, पोहोचविले जाते, तेथे आपली उष्णता खोलीला देऊन ते १० ते २० अंशांनी निवते, आणि निवलेले पाणी पुन्हा तापण्यासाठी बॉयलरकडे परत येते. हे पाणी पिण्याचे नव्हे आणि अंघोळीचेही नव्हे. एकदा भरले म्हणजे तेच पाणी वर्षानुवर्षे त्याच नळांतून प्रदक्षिणा घालीत राहते, आणि ती प्रदक्षिणा अखंड चालू ठेवणे एवढेच पंपाचे काम असते.

या व्यवस्थेत आणखी एक पात्र असते, त्याची ओळख येथेच करून घेतली पाहिजे, कारण पुढील निम्मे विवेचन त्याच्यावर अवलंबून आहे. पाणी तापले म्हणजे प्रसरण पावते. १०० लिटर पाणी १० अंशांवरून ८० अंशांवर नेले तर ते जवळजवळ ३ लिटरांनी वाढते, आणि बंद नळांत या वाढीव पाण्याला जागा मिळाली नाही तर काहीतरी फुटल्याखेरीज राहणार नाही. म्हणून एका पोलादी भांड्यात रबराचा पडदा बसवून एका बाजूस हवा कोंडलेली असते व दुसऱ्या बाजूस नळातले पाणी येऊ दिलेले असते. पाणी वाढले की हवा दबते, पाणी आकसले की हवा पुन्हा फुगते. याला प्रसरण-पात्र म्हणू. त्याच्या जोडीला दाबमापक असतो. व्यवस्था थंड असताना त्याचा काटा १ ते १.५ बार यांच्या दरम्यान असावा असा सर्वसाधारण शिरस्ता आहे. १ बार म्हणजे सुमारे १० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा भार. दाब ३ बारवर गेला तर सुरक्षा-झडप उघडून पाणी बाहेर टाकते. जुन्या घरांत प्रसरण-पात्राऐवजी माळ्यावर उघडी टाकी असते. तिचा उल्लेख पुढे ओघाने येईल.

२. हा पंप पाणी चढवीत नाही

पंप म्हटला की आपल्यापुढे विहिरीवरचा पंप उभा राहतो. तो खोलातले पाणी वर ओढून पाटात सोडतो, आणि उचललेल्या प्रत्येक थेंबाचे वजन त्याला पेलावे लागते. घर तापविणारा पंप या जातीचा नव्हे. कप्पीवरून सोडलेल्या दोराच्या दोन्ही टोकांना सारख्याच भरलेल्या दोन घागरी बांधल्या, तर एक वर नेण्यासाठी लागणारे बळ दुसरी खाली येतानाच पुरविते आणि आपल्याला केवळ कप्पीचे घर्षण सोसावे लागते; बंद नळांतल्या पाण्याचेही तसेच आहे. माडीवर चढणाऱ्या पाण्याचा भार माडीवरून उतरणारे पाणी तोलून धरते. पंपाला झगडावे लागते ते नळांच्या अंगाशी, कोपऱ्यांशी आणि झडपांशी होणाऱ्या घर्षणाशी. म्हणूनच तीन मजल्यांच्या घराचे पाणी फिरविणारा नव्या पद्धतीचा पंप एखाद्या लहान दिव्याइतकी, म्हणजे ५ ते ४० वॉट, वीज घेऊन भागवितो.

एके काळी तेवढीही गरज नव्हती. एक घनमीटर पाण्याचे वजन ६० अंशांना सुमारे ९८३ किलो तर ८० अंशांना ९७२ किलो भरते. या अकरा किलोंच्या फरकाने गरम पाणी आपोआप वर जाई आणि निवलेले खाली येई. परंतु हे बळ इतके क्षीण, की त्याला वाट देण्यासाठी मनगटाएवढे जाड नळ घालावे लागत आणि दूरच्या खोल्या गारच राहत. डॉर्टमुंड येथील विल्हेल्म ओप्लेंडर यांनी १९२८ साली नळाच्या कोपऱ्यात विजेच्या मोटारीने फिरणारा एक लहानसा पंखा बसविला आणि त्याला अभिसरण वाढविणारे साधन म्हणून पुढे आणले. आजच्या सर्व घरगुती पंपांचा तो पूर्वज होय. त्याच्यामुळे नळ बारीक झाले, बॉयलर माडीवर किंवा स्वयंपाकघराच्या कपाटात बसविता येऊ लागला, आणि त्याबरोबर नळांतला वेग व दाबांतला फरक वाढून आवाजाचा प्रश्नही घरात आला.

पंपाच्या रचनेतील एक गोष्ट मात्र अवश्य ध्यानात ठेवावी. हल्लीच्या घरगुती पंपात मोटारीचा फिरता भाग पाण्यातच बुडालेला असतो. त्याच्या बेअरिंगांना तेल घालावे लागत नाही, कारण फिरणारे पाणीच त्यांना वंगण पुरविते. ही सोय मोठी आहे, पण तिच्यामुळे पंपाचे सारे आरोग्य त्या पाण्याच्या स्वाधीन झाले आहे. पाण्याऐवजी हवा आली तर बेअरिंगे कोरडी फिरतात, आणि पाण्यातून गाळ आला तर तोच त्यांच्या फटीत जाऊन बसतो.

३. आवाज कोणाचा, हे प्रथम ठरवावे

नळ हे ध्वनीचे उत्तम वाहक असल्यामुळे तळमजल्यावरचा आवाज माडीवरच्या निजायच्या खोलीत उमटतो आणि निरपराध पंपावर आळ येतो. तेव्हा एक लांब पेचकस घ्यावा, त्याचे टोक पंपाच्या स्थिर अंगाला, मग बॉयलरजवळच्या नळाला, मग दोन मीटर दूरच्या नळाला टेकवावे आणि मूठ कानामागच्या हाडाला लावावी. जेथे आवाज सर्वांत स्पष्ट व कर्कश येईल तेथे त्याचे उगमस्थान आहे असे समजावे. कारागीर मंडळी ही युक्ती फार पूर्वीपासून वापरीत आली आहेत आणि ती आजही खोटी ठरलेली नाही.

दोन आवाज येथेच बाजूला काढता येतात. घर तापू लागताना किंवा निवताना टक्‌टक्‌ असा तुटक आवाज आला तर तो नळांच्या प्रसरणाचा होय. १० मीटर लांबीचा तांब्याचा नळ ६० अंशांनी तापला तर सुमारे १० मिलिमीटरने लांबतो, आणि जमिनीखालच्या लाकडी तुळयांच्या खाचेत तो घट्ट बसलेला असला तर अडत अडत सरकतो. बॉयलरच्या पोटातून, ज्योत पेटल्यावरच, गुरगुर व खदखद येत असेल तर तेथे क्षारांचा थर धरला आहे असा तर्क करावा. लंडन व आग्नेय इंग्लंडमधील पाणी चुनखडीमुळे जड असल्याने तेथे हा विकार विशेष आढळतो. त्याची दुरुस्ती निराळी आहे आणि पंप बदलून ती होत नाही.

उरलेल्या आवाजांसाठी पंपालाच प्रश्न विचारावे. पंप बंद करताच आवाज तत्क्षणी थांबतो काय? थांबत असेल तर तो पंपाचा किंवा वाहत्या पाण्याचा आहे. पंपाच्या अंगावर वेगाचे १, २, ३ असे टप्पे असतात. वेग एका टप्प्याने उतरविताच आवाज नाहीसा झाला तर दोष वेगाचा किंवा दाबाचा. पाणी थंड असताना शांत असणारा पंप पाणी ७०-७५ अंशांच्या पुढे गेल्यावरच खडखडू लागतो काय? तसे असेल तर हवा किंवा बुडबुडे यांचा संशय बळावतो. पाणी गार असो वा गरम, वेग कमी असो वा अधिक, खरखर चालूच राहिली, तर मात्र बेअरिंगांचा विचार करावा लागतो. या परीक्षांना पैसा लागत नाही, हत्यार लागत नाही, आणि त्या केल्यावाचून पंपाला हात लावू नये असा माझा आग्रह आहे.

४. हवा : सर्वांत सामान्य अपराधी

थंड पाण्यात हवा विरघळलेली असते आणि पाणी तापले म्हणजे ती बाहेर पडते, हे चुलीवरच्या पातेल्याच्या तळाशी जमणाऱ्या बारीक बुडबुड्यांवरून कोणासही दिसते. व्यवस्थेत नवे पाणी भरले की त्याबरोबर नवी हवा येते. ती रेडिएटरांच्या माथ्यावर जमते. काही नळांतून वाहत खळखळ करते. आणि काही पंपाच्या पोकळीत अडकून राहते. पंपातला पंखा तेव्हा पाणी आणि हवा आलटून पालटून कापतो, त्यामुळे आवाज एकसारखा न येता कमी-जास्त होणारा, मध्येच भर्रकन वाढणारा असा येतो.

रेडिएटर वरच्या भागात गार आणि खालच्या भागात गरम लागला तर हवा आहे असे निश्चित समजावे. तिचा बंदोबस्त असा. उष्णतायंत्रणा बंद करून पाणी निवू द्यावे, पंप थांबलेला असावा, तळमजल्यापासून आरंभ करून प्रत्येक रेडिएटरच्या कोपऱ्यातला चौकोनी स्क्रू किल्लीने पाव फेरा सैल करावा, फुसफुस थांबून पाणी येऊ लागले की घट्ट करावा, आणि सर्व झाल्यावर दाबमापक पाहून आवश्यक तेवढे पाणी भरावे. पंप चालू ठेवून हे काम करू नये, कारण काही ठिकाणी नळांतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो आणि हवा बाहेर पडण्याऐवजी आत ओढली जाते.

जुन्या पंपांच्या तोंडावर मधोमध एक रुंद खाचेचा स्क्रू असतो. वीज तोडून, पाणी निवल्यावर, खाली फडके धरून तो किंचित सैल केला तर अडकलेली हवा निघून जाते आणि पाणी झिरपू लागते. नव्या पंपांना असा स्क्रू सहसा नसतो. त्यांपैकी पुष्कळांत हवा काढण्याची स्वयंचलित फेरी असते, ती काही मिनिटे चालू द्यावी.

एक गोष्ट येथे गांभीर्याने सांगितली पाहिजे. रेडिएटरमधून दर आठवड्याला वायू काढावा लागत असेल तर त्याचे दोन अर्थ प्रथम संभवतात, तिसरा पुढील भागात येईल. एक तर कोठेतरी गळती आहे आणि वरचेवर भरलेल्या नव्या पाण्याबरोबर हवा येत आहे. अथवा पोलाद गंजत असून त्या रासायनिक क्रियेतून हायड्रोजन निर्माण होत आहे. हायड्रोजन ज्वालाग्राही असल्याने हवा काढताना जवळ काडी किंवा मेणबत्ती आणू नये, आणि वरचेवर हवा काढीत बसण्याऐवजी मूळ कारणाचा शोध करावा.

५. दाब कोठे बदलत नाही?

आता थोडा सूक्ष्म विषय येतो, पण तो समजून घेण्याचे श्रम वाया जात नाहीत. कारण जेथे हवा काढूनही ती पुनःपुन्हा शिरते तेथे खरा दोष बहुधा येथे सापडतो.

पंप चालू झाला म्हणजे त्याच्या पुढल्या बाजूचा दाब मागल्या बाजूपेक्षा अधिक होतो. पण पुढचा दाब वाढतो की मागचा घटतो? पंपाला स्वतःला हे ठरविता येत नाही; ते प्रसरण-पात्राच्या जागेवरून ठरते. पंप चालल्याने व्यवस्थेतील पाणी वाढत नाही व कमीही होत नाही, त्यामुळे पात्रात पाण्याची भर पडत नाही, तेथील हवा दबत नाही, आणि म्हणून ज्या ठिकाणी पात्र नळाला जोडलेले असते तेथील दाब पंप चालू असो वा बंद, तसाच राहतो. बाकी सर्व ठिकाणचे दाब या अचल बिंदूच्या मानाने वर-खाली होतात.

एक हिशेब करून पाहू. तळमजल्यावर दाबमापक ०.८ बार दाखवितो. वरचा रेडिएटर ५ मीटर उंचीवर आहे, म्हणजे तेथे ०.५ बार वजा होऊन ०.३ बार उरतात. पंप ०.४ बारचा फरक उत्पन्न करतो, आणि पंपापासून त्या रेडिएटरपर्यंत जाताना घर्षणात ०.३५ बार खर्च होतात. आता पात्र पंपाच्या मागे, म्हणजे पाणी शोषून घेण्याच्या बाजूस जोडलेले असेल, तर पंपाचे सगळे ०.४ बार भर म्हणून मिळतात आणि त्या रेडिएटरशी ०.३ + ०.४ − ०.३५ = ०.३५ बार दाब राहतो. हवा आत येण्याची भीती नाही. परंतु पात्र पंपाच्या पुढे जोडलेले असेल, तर भर काहीच मिळत नाही आणि दाब ०.३ − ०.३५ = उणे ०.०५ बार होतो. म्हणजे वरच्या रेडिएटरमधील दाब बाहेरच्या हवेहून कमी झाला, आणि हवा बाहेर टाकण्यासाठी बसविलेली स्वयंचलित झडपच हवा आत घेऊ लागली! घरमालक हवा काढतो, पंप ती पुन्हा ओढतो, आणि ही रस्सीखेच हिवाळाभर चालू राहते.

यावरून नियम निघतो तो असा, की पंपाचे तोंड प्रसरण-पात्रापासून दूर पाहणारे असावे. अमेरिकेतील जुन्या घरांत पंप बॉयलरच्या परतीच्या नळावर आणि पात्र बॉयलरच्या माथ्यावर अशी उलट मांडणी पुष्कळ आढळते. ती लगेच बदलणे शक्य नसेल तर थंड अवस्थेतील दाब १.५ बारपर्यंत वाढविल्याने बराच उतार पडतो. माळ्यावर उघडी टाकी असलेल्या इंग्रजी घरांत याच दोषाचे दुसरे रूप दिसते: मोकळा वाफनळ आणि टाकीतून येणारा भरणीचा नळ हे एकमेकांपासून १५० मिलिमीटरच्या आत जोडलेले नसले, किंवा भरणीचा नळ गाळाने तुंबला असला, तर पंप वाफनळातून हवा तरी ओढतो नाहीतर गरम पाणी टाकीत तरी ओततो.

प्रसरण-पात्र स्वतः निकामी झाले असेल तर दाबमापकच ते सांगतो. थंड असताना काटा १ बारच्या खाली आणि गरम झाल्यावर ३ बारकडे धाव घेऊ लागला, तर पात्रातील हवा संपली आहे. त्याच्या टोकाला सायकलच्या चाकासारखी हवा भरण्याची झडप असते. तिची टाचणी दाबून पाहता हवेऐवजी पाणी आले तर रबराचा पडदा फाटला असे समजून पात्र बदलावे. केवळ हवा कमी असेल तर व्यवस्थेतील पाण्याचा दाब आधी शून्यावर आणून मगच हवा भरावी, एरवी मापन खोटे येते.

६. उकळी

पाणी किती अंशांवर उकळेल हे त्याच्यावरील दाबावर अवलंबून असते. महाबळेश्वरी हवेचा दाब कमी असल्यामुळे तेथे पाणी सुमारे ९५ अंशांनाच उकळते. याच्या उलट १ बारने दाबलेल्या घरगुती व्यवस्थेत ते सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. परंतु पंपाच्या पंख्याच्या मध्यभागी, जेथे पाणी शोषून घेतले जाते, दाब एकाएकी उतरतो. तो पुरेसा उतरला तर तेवढ्या जागेत पाण्याची वाफ होऊन बुडबुडे बनतात, आणि पुढल्याच क्षणी अधिक दाबाच्या जागी पोहोचताच ते आतल्या आत मिटतात. मिटताना पाणी चोहोबाजूंनी इतक्या वेगाने मध्याकडे धावते, की तेथे क्षणभर प्रचंड दाब उत्पन्न होऊन धातूचे कण उडतात. १८९० नंतरच्या दशकात ब्रिटिश आरमाराची ‘डेअरिंग’ ही विनाशिका अपेक्षित वेग गाठेना, तेव्हा तिच्या पंख्याभोवती असेच बुडबुडे होत असल्याचे निष्पन्न झाले. आणि मिटणाऱ्या बुडबुड्यातील दाबाचे गणित लॉर्ड रॅली यांनी १९१७ साली मांडले. जहाजावरील तोच व्यापार कपाटातल्या पंपात लहान प्रमाणात घडतो.

हा आवाज खडखड असा, आतून खडे फिरत असल्यासारखा येतो. दाब कमी, तापमान अधिक आणि पंपाचा वेग अधिक अशी तिन्ही कारणे एकत्र आली म्हणजेच तो घरगुती व्यवस्थेत संभवतो, आणि उपायही त्यातूनच निघतात: दाब वाढवावा, बॉयलरचे तापमान उतरवावे, वेग कमी करावा, शोषण-बाजूची झडप अर्धवट बंद राहिली असेल तर पूर्ण उघडावी, जाळी तुंबली असेल तर साफ करावी. तथापि एवढे सांगून ठेवतो, की कारागीर ज्याला बुडबुड्यांचा विकार म्हणून निदान करतात त्यांपैकी बरेचसे प्रकार साध्या अडकलेल्या हवेचे असतात. म्हणून हवा काढल्याशिवाय या निदानावर विश्वास ठेवू नये.

७. वाजवीपेक्षा अधिक वेग

घर लवकर तापावे म्हणून पंपाचा वेग तिसऱ्या टप्प्यावर ठेवण्याची चाल सर्वत्र आहे, आणि ती बहुतेक घरांत अनावश्यक आहे. किती पाणी फिरावे याचा हिशेब सोपा आहे. घराला लागणारी उष्णता किलोवॉटमध्ये घ्यावी, तिला १४.३ ने गुणावे, आणि जाणाऱ्या व येणाऱ्या पाण्याच्या तापमानांतील फरकाने भागावे. दर मिनिटाला किती लिटर पाणी फिरते ते निघते. समजा घराला १२ किलोवॉट लागतात, पाणी ८० अंशांनी जाते व ६० अंशांनी येते. १२ × १४.३ ÷ २० म्हणजे सुमारे ८.६ लिटर. २२ मिलिमीटरच्या तांब्याच्या नळात या पाण्याचा वेग सेकंदाला ०.४५ मीटर पडतो, आणि तो कानाला जाणवतही नाही. आता पंप तिसऱ्या टप्प्यावर आहे आणि दोन्ही नळांना तापमापक लावून पाहता फरक अवघा ८ अंशांचा आला, असे धरा. १२ × १४.३ ÷ ८ म्हणजे २१ लिटरांहून अधिक, वेग १.१ मीटर. पाणी अडीचपट झाले, घर्षण मात्र प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे सहापटींहून अधिक झाले, आणि घराला मिळालेली उष्णता तेवढीच राहिली! १५ मिलिमीटरच्या नळात तर हाच वेग अडीच मीटरच्या घरात जाईल. बारीक नळांत सेकंदाला १ मीटरच्या आसपास वेग ठेवावा आणि दीड मीटरपुढे जाऊ देऊ नये हे धोरण सुरक्षित आहे. फरक १० अंशांहून कमी दिसला तर वेग एका टप्प्याने उतरवावा, दोन दिवस वाट पाहावी, आणि सर्व खोल्या तापत असतील तर तेथेच ठेवावा. आवाज, वीज आणि गॅस या तिन्ही गोष्टींत लाभ होतो, कारण परतणारे पाणी गार असले म्हणजे नवे बॉयलर अधिक काटकसरीने चालतात.

रात्रीच आवाज का वाढतो, याचेही उत्तर येथे मिळते. भोवतालची शांतता हे एक कारण खरे, परंतु तेवढेच नव्हे. डेन्मार्कमधील मॅड्स क्लाउसेन यांनी १९४३ साली शोधलेली, खोली पुरेशी तापताच आपोआप मिटणारी झडप आता बहुतेक रेडिएटरांवर असते. रात्रीपर्यंत खोल्या तापून या झडपा एकामागून एक मिटतात, आणि जुना एकवेगी पंप मात्र तसाच जोर लावीत राहतो. सर्व दाब शेवटच्या एक-दोन उघड्या झडपांवर येऊन पडतो आणि त्या शीळ घालू लागतात किंवा कडकडतात. अशा वेळी पंपाच्या पुढे एक स्वयंचलित उपमार्ग-झडप बसवून घ्यावी, म्हणजे दाब मर्यादेबाहेर गेला की काही पाणी आडमार्गाने परत वळते. किंवा दाब स्वतः आवरून धरणारा नवा पंप घ्यावा. क्वचित प्रसंगी रेडिएटरवरची झडप उलट्या दिशेने बसविलेली असते आणि हातोड्याने ठोकल्यासारखी धडधडते. तिच्या अंगावरील बाण पाहिला की उलगडा होतो.

८. गाळ आणि बेअरिंगे

रेडिएटर खालच्या भागात गार आणि वरच्या भागात गरम लागला तर तेथे काळा गाळ बसला आहे. हा गाळ म्हणजे पोलाद गंजून झालेला मॅग्नेटाइट, आणि नावाप्रमाणे तो चुंबकाकडे ओढला जातो. नव्या पंपांच्या फिरत्या भागात कायम चुंबक असतात, त्यामुळे गाळ नेमका तेथेच जमतो आणि बेअरिंगांची झीज करतो. व्यवस्था धुऊन काढणे, परतीच्या नळावर चुंबकीय गाळणी बसविणे आणि पाण्यात गंजरोधक द्रव्य घालणे हे उपाय एकत्रच केले पाहिजेत. गंजरोधक न घालता नुसते पाणी बदलले तर ताजा प्राणवायू आत येऊन गंज नव्या जोमाने सुरू होतो.

उन्हाळाभर बंद राहिलेला पंप शरद ऋतूत गुणगुणतो पण फिरत नाही, हा याच गाळाचा परिणाम. जुन्या पंपात मधला स्क्रू काढून आतला दांडा पेचकसाने हलकेच फिरविला की तो सुटतो. उन्हाळ्यातही आठवड्यातून एकदा काही मिनिटे पंप चालविला तर हा प्रसंग येत नाही. सर्व उपाय करूनही खरखर राहिली तर बेअरिंगे झिजली, आणि तेव्हाच पंप बदलणे योग्य होय.

९. भिंतीचा भाग

ब्रिटनमधील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असल्यामुळे जुन्या मोटारींतून १०० आवर्तनांची मंद गुणगुण निघते. अमेरिकेत हाच स्वर १२० चा असतो. पंपाजवळ ती ऐकूही येत नाही, पण नळ पोकळ भिंतीला घट्ट जखडलेला असला तर भिंत तिला मोठी करते. नळाला रबरी अस्तराच्या पकडी लावाव्यात आणि पंपाजवळचा आधार पोकळ भिंतीऐवजी भक्कम भिंतीला द्यावा.

१०. पंप बदलावयाचा झाल्यास

नवा पंप जुन्याहून मोठा घेऊ नये. युरोपीय संघाच्या नियमांनुसार १ जानेवारी २०१३ पासून स्वतंत्र बसविण्याच्या अशा पंपांवर वीज-काटकसरीची कडक मर्यादा आली, त्यामुळे आज मिळणारे पंप आपला वेग आपणच बदलतात. त्यांना प्रवाह घटताच दाबही घटविणाऱ्या पद्धतीवर लावावे. अंगावरील बाण प्रवाहाच्या दिशेस असावा. दांडा आडवा, क्षितिजसमांतर राहील असाच पंप बसवावा, कारण तो उभा ठेवला तर वरच्या बेअरिंगाशी हवा जमून ते कोरडे पडते. या एका नजरचुकीने कितीतरी नवे पंप वर्षभरात गेले आहेत. बॉयलरच्या पेटीच्या आत असलेल्या पंपाला मात्र घरमालकाने हात लावू नये. ब्रिटनमध्ये गॅसच्या यंत्राचे काम गॅस सेफ नोंदवहीत नाव असलेल्या कारागिराकडूनच करून घेणे कायद्याने बंधनकारक आहे.

कारागिराला बोलावण्यापूर्वी वाचकाने एका कागदावर पुढील गोष्टी लिहून बॉयलरशेजारी चिकटवाव्यात अशी माझी विनंती आहे: थंड असतानाचा दाब, पूर्ण तापल्यावरचा दाब, जाणाऱ्या व येणाऱ्या नळांचे तापमान, पंपाचा टप्पा, आणि व्यवस्थेत शेवटचे पाणी केव्हा भरले ती तारीख. हा कागद पाहूनही कारागीर काही न तपासता पंप बदलण्याचे अंदाजपत्रक हाती देऊ लागला, तर दुसरा कारागीर पाहावा.